पाचव्या मितीचं पत्र

पोहायला आपण कसे शिकतो? कुणाला मामा विहिरीत ढकलून देतो, कुणाच्या पाठीला डबा बांधतात, शहरातली पोरं उन्हाळ्याच्या सुट्टीत टँकवर बॅच लावतात. थिओडोर कालुझा या जर्मन गणितज्ञानं यातलं काहीच केलं नाही. तिशी उलटलेल्या या माणसानं पोहण्यावरचं एक पुस्तक नीट वाचलं, हात-पाय कसे आणि कधी हलवायचे ते समजून घेतलं आणि तो थेट पाण्यात उतरला. पहिल्याच खेपेला पोहला. ही आठवण पुढे त्याच्या मुलानं सांगितली. सिद्धांत पक्का असेल तर तो प्रत्यक्षातही चालतो, हे म्हणे त्याला दाखवून द्यायचं होतं.

याच माणसानं १९१९ मध्ये कागदावर असं मांडलं, की आपलं जग चार नव्हे, पाच मितींचं असावं. तिथे मात्र पाण्यात उतरून बघायची काहीच सोय नव्हती. या एका कल्पनेसाठी त्याला किती थांबावं लागलं आणि ती कल्पना खरी की नुसतीच सुंदर, हा प्रश्न अजून कसा लटकलेला आहे, त्याची ही गोष्ट.

आधी एक गैरसमज बाजूला काढू. सिनेमांमुळे ‘डायमेन्शन’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दुसरी दुनिया येते. ‘इंटरस्टेलर’मध्ये कूपर पुस्तकांच्या कपाटामागे तरंगत बसतो, मार्व्हलवाले तर हात गोल फिरवून भलत्याच जगात शिरतात. गणितातली मिती इतकी नाटकी नाही. ठिकाण पक्कं सांगायला जितके आकडे लागतात तितक्या मिती. मित्राला कॅफेत बोलावताना आपण रस्ता सांगतो, त्या रस्त्यावरचा चौक सांगतो, मजला सांगतो. झाले तीन. पण साडेपाचला ये, हे सांगितलं नाही तर भेट होत नाही. तो चौथा. कालुझाचं म्हणणं एवढंच होतं, की विश्वाला स्वतःचा पत्ता सांगायला बहुधा अजून एक आकडा लागतो.

कालुझा जन्मला ९ नोव्हेंबर १८८५ रोजी, ओपेल्न गावाजवळ. हा भाग तेव्हा जर्मनीत होता, आज पोलंडमध्ये आहे. एकुलता एक मुलगा. वडील माक्स कालुझा इंग्रजी भाषेचे आणि चॉसरचे गाढे अभ्यासक. ते कोनिग्सबर्ग विद्यापीठात शिकवायला गेले, तेव्हा हे पोरगं जेमतेम दोन वर्षांचं होतं. भाषेची आवड घरातूनच आली असावी. पुढे त्याला १७ भाषा येत, असं सांगतात.

कोनिग्सबर्ग हे गावही साधंसुधं नव्हे. त्याच्या सात पुलांवरून ऑयलरनं ग्राफ थिअरीची सुरुवात केली, ते डिस्क्रीट मॅथ्सच्या पहिल्या लेक्चरला तुम्ही ऐकलं असेल. इमॅन्युएल कांट याच गावचा. विशी-बाविशीतल्या कांटनं आपल्या पहिल्याच पुस्तकात प्रश्न विचारला होता, की अवकाशाला नेमक्या तीनच मिती का? त्यानं त्याचा संबंध गुरुत्वाकर्षणाच्या वर्गव्यस्त नियमाशी जोडला होता. अंतर दुप्पट झालं की ओढ एक चतुर्थांश होते, तो नियम. कांटचा हा धागा पुढे लागणार आहे, तेव्हा लक्षात ठेवा. हर्मान मिन्कोव्स्कीही याच विद्यापीठात शिकलेला. आइन्स्टाइनच्या सापेक्षतेत अवकाशाच्या तीन मिती आणि काळ यांचं मिळून एकच चार मितींचं कापड होतं, हे १९०८ मध्ये स्पष्ट मांडलं ते त्यानं. तेव्हा मिन्कोव्स्की गटिंगेनला प्राध्यापक होता आणि तरुण कालुझाही ते वर्ष गटिंगेनमध्येच होता.

१९०९ मध्ये कालुझा कोनिग्सबर्गला परतला, लग्न केलं आणि विद्यापीठात शिकवायला लागला. पद होतं प्रिव्हाटडोझेंट. नाव भारदस्त आहे, पण अर्थ ऐका. विद्यापीठात शिकवायचा परवाना मिळायचा, पगार मिळायचा नाही. जितके विद्यार्थी वर्गात बसतील तितकी त्यांची फी, तीच कमाई. आपल्याकडे तासिका तत्त्वावर शिकवणारे सर-मॅडम असतात ना, नेट-सेट झालेले, पीएचडी असलेले, आणि तरी दर वर्षी जूनमध्ये यंदा आपले तास लागणार का याची वाट बघणारे? साधारण तसंच. आइन्स्टाइनही बर्नमध्ये काही काळ याच पायरीवर होता, पण तो लवकर वर चढला. कालुझा त्या पायरीवर थोडीथोडकी नव्हे, २० वर्षं राहिला. मधे पहिलं महायुद्ध आलं आणि गेलं, जर्मनी हरली, घरात दोन मुलं वाढत होती.

आता १९१९ मधला तो दिवस. मुलगा तेव्हा आठ-नऊ वर्षांचा. तो वडिलांच्या अभ्यासिकेत बसलेला असायचा, त्यानं पाहिलेलं हे दृश्य. वडील टेबलाशी काम करत होते. अचानक थबकले. काही सेकंद अगदी स्तब्ध. मग जोरात शीळ घातली, टेबलावर हात आपटला, उठून उभे राहिले आणि मोझार्टच्या ‘फिगारो’ या संगीत नाटकातल्या एका गाण्याचा शेवट गुणगुणायला लागले.

काय सापडलं होतं? आइन्स्टाइननं १९१५ मध्ये दाखवलं होतं, की गुरुत्वाकर्षण म्हणजे चार मितींच्या अवकाश-काळाला पडलेला बाक. हा बाक प्रत्येक बिंदूपाशी नोंदवायला ४ बाय ४ ची सिमेट्रिक मॅट्रिक्स लागते. सिमेट्रिक म्हणजे कर्णावरचे ४ आकडे आणि वरच्या अर्ध्या भागातले ६, एकूण १०. दुसरीकडे तेव्हा माहीत असलेलं दुसरं बळ म्हणजे विद्युतचुंबकीय. त्याचा कारभार मॅक्सवेलची समीकरणं बघत होती आणि त्यांना लागायचे ४ आकडे. दोन बळं, दोन वेगळी दुकानं. ती एकाच छताखाली आणायची धडपड सुरू होती. हर्मान वाईलनं १९१८ मध्ये एक वाट काढली होती, पण ती आइन्स्टाइनला पटली नव्हती.

कालुझानं काय केलं, तर तीच आइन्स्टाइनची समीकरणं चारऐवजी पाच मितींत लिहिली. मॅट्रिक्स ५ बाय ५ ची झाली. कर्णावर ५, वर १०, एकूण १५ आकडे. आधीचे १० गुरुत्वाकर्षणाचे. उरले ५. त्यातले ४ काही सोयीची गृहीतकं धरून सोडवले, तर ते हुबेहूब मॅक्सवेलच्या समीकरणांसारखे वागू लागले. वीज आणि चुंबकत्व वेगळं आणून चिकटवावं लागलंच नाही, ते पाच मितींच्या भूमितीतून आपोआप बाहेर पडलं. पाचवा आकडा एकटाच उरला आणि त्याचं काय करायचं हा घोळ बरीच वर्षं चालला, तो सोडून देऊ. पण १५ वजा १० बरोबर ५ इतक्या साध्या हिशेबातून प्रकाश निघावा, म्हटल्यावर माणूस शीळ घालणारच.

फार खोल न शिरता एक गोष्ट सांगितली पाहिजे. पाचवी मिती असेल तर ती दिसत का नाही? याला कालुझाकडे खरं उत्तर नव्हतं. त्यानं एक अट घातली: पाचव्या दिशेनं कितीही सरका, काहीच बदलत नाही. म्हणजे हजेरीपटावर नाव आहे, पण वर्गात कुणी कधी पाहिलेलं नाही असा विद्यार्थी. गणिताच्या सोयीला ही अट झकास होती. पण मिती खरोखर आहे म्हणायचं आणि तिची एकही खूण दिसणार नाही याचीही तजवीज करायची, हे जरा जास्तच सोयीचं वाटतं. मला तरी वाटतं.

त्या काळी असा निबंध बर्लिनच्या प्रशियन अकादमीच्या वृत्तांतात छापून यायचा, तर अकादमीच्या एखाद्या सदस्यानं तो तिथे सादर करावा लागे. कालुझानं आपलं लिखाण थेट आइन्स्टाइनला धाडलं. २१ एप्रिल १९१९ चं उत्तर आलं, ते कुणालाही फ्रेम करून ठेवावंसं वाटेल असं होतं. पाच मितींची ही वाट आपल्याला कधी सुचली नव्हती आणि कल्पना फारच आवडली, असा त्याचा सूर होता. आठवड्याभरात दुसरं पत्र आलं. निबंध वाचला, कुठे अशक्य काही दिसत नाही, पण पुरावा पुरेसा पटत नाही. मे महिन्यात आणखी पत्रं आली आणि त्यात खरी अडचण होती. कालुझाच्या जगात इलेक्ट्रॉनसारखा हलका पण भरपूर विद्युतभार असलेला कण टाकला, तर समीकरणातलं एक पद इतकं अवाढव्य होतं की इलेक्ट्रॉन प्रत्यक्षात वागतो तसा वागतच नाही. निबंध सादर झाला नाही.

नंतर आइन्स्टाइन आइन्स्टाइन झाला. २९ मे १९१९ च्या खग्रास सूर्यग्रहणात ताऱ्यांचा प्रकाश वाकतो का, हे ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञांनी मोजलं, नोव्हेंबरमध्ये निकाल जाहीर झाला आणि त्याचं नाव जगभरच्या वर्तमानपत्रांत झळकलं. इकडे कोनिग्सबर्गमध्ये एक बिनपगारी अध्यापक जगाची पाचवी मिती टेबलाच्या खणात ठेवून वर्गावर जात होता. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं.

१४ ऑक्टोबर १९२१ ला आइन्स्टाइनचं पोस्टकार्ड आलं. दोन वर्षांपूर्वी आपण तुम्हाला छापण्यापासून थांबवलं ते बरोबर केलं का, असं आता वाटतंय, आणि तुमची इच्छा असेल तर निबंध सादर करतो, असा त्याचा आशय. ८ डिसेंबर १९२१ रोजी तो अकादमीपुढे आला. विषय होता भौतिकशास्त्रातल्या एकतेचा प्रश्न. जेमतेम सात पानं. त्यात कालुझानं इलेक्ट्रॉनची अडचण लपवलेली नाही, ती सरळ मांडली आहे. इतका जुळून आलेला हिशेब म्हणजे निव्वळ योगायोग असेल यावर विश्वास ठेवणं जड जातं, असं त्याचं म्हणणं होतं. आणि त्याच वेळी क्वांटम सिद्धांताकडे बोट दाखवून त्यानं सावधही केलं होतं, की यापुढे कुठल्याही सर्वव्यापी सिद्धांताला त्याच्याशी गाठ आहे.

या अडीच वर्षांसाठी आइन्स्टाइनला खलनायक करायचा मोह अनेकांना होतो. मला तो पटत नाही. त्याची हरकत आकसाची नव्हती, भौतिकशास्त्राची होती, आणि तिचं समाधानकारक उत्तर आजही कालुझाच्या मूळ मांडणीत नाही. पण हेही खरं, की अडकलेला निबंध बर्लिनच्या प्रोफेसरला जितका महाग पडतो त्याच्या कितीतरी पट तो तासावर शिकवणाऱ्याला पडतो. हरकत बरोबर असली तरी किंमत एकानंच मोजली. बरं, पाच मितींचा पहिला प्रयत्नही कालुझाचा नव्हता. फिनलंडच्या गुन्नार नॉर्डस्ट्रॉमनं १९१४ मध्येच तसं काही मांडलं होतं, पण आइन्स्टाइनचा गुरुत्वाचा सिद्धांत तेव्हा पुरा व्हायचा होता. त्यामुळे ते मागे पडलं.

पाचवी मिती दिसत का नाही, याचं पहिलं धड उत्तर १९२६ मध्ये आलं. ते ऑस्कर क्लाइन या स्वीडिश भौतिकशास्त्रज्ञाचं. त्यानं कालुझाचं काम माहीत नसतानाच तोच विचार सुरू केला होता, कालुझाविषयी त्याला सांगितलं वोल्फगांग पाउलीनं. गच्चीवरची कपडे वाळत घालायची दोरी बघा. लांबून ती नुसती रेघ दिसते: पुढे किंवा मागे, एकच दिशा. पण तिच्यावर चालणाऱ्या मुंगीला दोरीच्या भोवती गोल फिरायलाही जागा असते. क्लाइन म्हणाला, पाचवी मिती अशी प्रत्येक बिंदूपाशी गुंडाळलेली आहे. कुठे दूर लपलेली नाही, इथेच आहे, फक्त बारीक आहे. किती बारीक? इलेक्ट्रॉनच्या विद्युतभारावरून त्यानं घेर काढला. मीटरमध्ये लिहायचा तर दशांशचिन्हानंतर ३२ शून्यं आणि मग ८. प्रोटॉन फुगवून नेपच्यूनच्या कक्षेएवढा केला, तर ही गुंडाळी एका बारीक केसाच्या जाडीची होईल.

क्लाइनच्या चित्रात आणखी एक सुंदर गोष्ट आहे. विद्युतभार म्हणजे त्या गुंडाळीभोवतीची गती. गोल रिंगणात लाटेला पूर्ण संख्येतच वेटोळी घालता येतात, दीड किंवा सव्वादोन नाही. म्हणून विद्युतभारही ठरावीक पटींतच सापडतो. पण हाच हिशेब अंगाशीही येतो. इतक्या लहान रिंगणात फिरणारा कण भयंकर जड निघतो, इलेक्ट्रॉनपेक्षा एकावर वीसहून अधिक शून्यं इतक्या पट जड. आइन्स्टाइनची जुनी हरकत नवे कपडे घालून परत दारात उभी.

कालुझाची नोकरी मात्र अजून तिथेच होती. त्याला कायमची जागा मिळावी म्हणून आइन्स्टाइननं शब्द टाकला. अखेर १९२९ मध्ये कील विद्यापीठानं त्याला प्राध्यापक केलं, तेव्हा तो चव्वेचाळिशीला आला होता. १९३५ मध्ये तो गटिंगेनला गेला. पण हे त्याच्या तरुणपणीचं गटिंगेन नव्हतं. १९३३ मध्ये नाझींनी ज्यू प्राध्यापकांना काढून टाकलं. एमी नोएदर, रिचर्ड कूरांट, मॅक्स बॉर्न, सगळे गेले. आइन्स्टाइननं देशच सोडला. कालुझा नाझी विचारांचा नव्हता आणि त्यामुळे त्याची नेमणूकही सहज झाली नाही. पण तो राहिला, शिकवत राहिला. १९३८ मध्ये गेओर्ग योस याच्याबरोबर त्यानं गणित प्रत्यक्ष वापरणाऱ्यांसाठी उच्च गणिताचं एक पाठ्यपुस्तक लिहिलं. त्याच वर्षी अमेरिकेत आइन्स्टाइन आणि पीटर बर्गमन यांनी पाचवी मिती खरोखर आहे असं धरून कालुझाच्या सिद्धांतावर नवा निबंध छापला. मूळ कल्पना ज्याची, तो इंजिनीअरांना उपयोगी पडेल असं गणित शिकवत होता आणि त्या कल्पनेवर झुरत होता तो ती अडीच वर्षं अडवून धरणारा. पुढे आइन्स्टाइननंही ती सोडली.

तोवर अणुकेंद्रात आणखी दोन बळं सापडली होती. दोनच बळांना जोडणारी पाचवी मिती एकदम जुनाट वाटू लागली. १९ जानेवारी १९५४ रोजी गटिंगेनमध्ये कालुझा वारला. निवृत्तीला दोन महिने बाकी होते. तेव्हा कुणी भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला विचारलं असतं, तर हे नाव इतिहासाच्या तळटीपेत सांगितलं गेलं असतं.

मग सत्तरच्या दशकाच्या अखेरीस वारं फिरलं. चारही बळं एकत्र आणू पाहणाऱ्यांना पुन्हा जास्तीच्या मिती लागू लागल्या. १९७८ मध्ये ११ मितींचा सुपरग्रॅव्हिटीचा सिद्धांत मांडला गेला. स्ट्रिंग थिअरीला १० मिती लागतात. जास्तीच्या मिती कुठे गेल्या विचारलं, तर उत्तर कालुझा-क्लाइनचंच: गुंडाळलेल्या आहेत. फक्त आता गुंडाळायच्या तऱ्हा इतक्या निघाल्या, की त्यातली आपल्या विश्वाची कुठली हे कुणालाच सांगता येईना.

सिद्धांत पुष्कळ झाले. पाण्यात उतरायचं काय? इथे कांटचा धागा उपयोगी पडतो. गुरुत्वाकर्षण तीन मितींत पसरतं, गोलाचा पृष्ठभाग अंतराच्या वर्गानं वाढतो, म्हणून ओढ वर्गानं कमी होते. आणखी एखादी मिती असेल आणि दोन वस्तू त्या गुंडाळीच्या घेराइतक्या जवळ आणल्या, तर ओढ वर्गाऐवजी घनानं बदलायला हवी. म्हणजे करायचं एवढंच: दोन वस्तू खूप जवळ आणायच्या आणि ओढ मोजायची. ऐकायला सोपं वाटतं, पण गुरुत्वाकर्षण इतकं दुबळं आहे की फ्रिजवरचं चिमुकलं चुंबक अख्ख्या पृथ्वीला हरवून टाचणी उचलतं. १९९८ मध्ये तीन शास्त्रज्ञांनी सुचवलं, की जास्तीच्या मिती मिलीमीटरच्या आसपास इतक्या मोठ्याही असू शकतात. तेव्हा लक्षात आलं, की त्याहून कमी अंतरावर न्यूटनचा नियम कुणी नीट तपासलेलाच नाही. तीनशे वर्षं जुना नियम, आणि टाचणीच्या डोक्याएवढ्या अंतराखाली सगळा विश्वासावर कारभार!

सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या गटानं तारेला टांगलेल्या, पीळ पडला की वळणाऱ्या नाजूक तराजूनं हे मोजायला घेतलं. २०२० पर्यंत ते सुमारे ५२ मायक्रोमीटरपर्यंत खाली पोचले. नियम वर्गाचाच निघाला. जिनिव्हाजवळच्या सर्नच्या मोठ्या यंत्रात प्रोटॉनच्या टकरींतून गुंडाळलेल्या मितींच्या खुणा शोधल्या, त्याही सापडलेल्या नाहीत. २०१७ मध्ये दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून आलेल्या गुरुत्वीय लहरी आणि प्रकाश दोन्ही टिपता आले. लहरी वाटेत एखाद्या मोठ्या मितीत गळत असतील तर त्या अपेक्षेपेक्षा क्षीण पोचायला हव्या होत्या. तसंही दिसलं नाही. अशाच लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ होणार आहे, तेव्हा ही मोजदाद पुढे आपल्याकडूनही होईल.

यातून पाचवी मिती नाही असं सिद्ध होत नाही. ५२ मायक्रोमीटरपेक्षा मोठी आणि गुरुत्वाकर्षणाला मोकळी असलेली मिती नाही, एवढंच म्हणता येतं. सिएटलच्या तराजूपासून क्लाइनच्या त्या गुंडाळीपर्यंत अजून एकावर २७ शून्यं इतक्या पटींनी खाली उतरायचं बाकी आहे.